नुसती सूज

हॅलो? … हं, खांग, बोल रे. कुठवर आलास? … जरा मोठ्याने बोल, इथे मागच्या अंगणात बायकांचा बाजार भरलाय… पूल ओलांडलास ना?

… निघालाच नाहीस?

… अरे, बस चुकली तर दुसरी पकड. साइगॉनहून सादेकला यायला काय विमान लागतं? जेवणाच्या वेळेपर्यंत आलास तरी चालेल, मी काकांना थोपवून धरते.

… येतच नाहीस म्हणजे काय?

थांब. थांब जरा… मावशी, कारल्यांखालचा जाळ कमी करा, सारण बाहेर येईल… हं, बोल आता. आणि नीट विचार करून बोल. आज बाबांचं वर्षश्राद्ध आहे, पहिलं. मुलगा तू एकटा. देव्हाऱ्यापुढे पहिली उदबत्ती कोण लावणार?

… मी लावू? वा रे शहाणा. थोरले काका पुढच्या खोलीत बसलेत, उजाडल्यापासून तांदळाची दारू घेत. 'खांग येऊन उदबत्ती लावेल, मगच ताटं मांडायची' असं आल्या आल्या जाहीर करून टाकलंय त्यांनी. नारळाच्या पाण्यातलं मटण शिजून तयार आहे, त्यात बदकाची अंडी मुरलीत, पाहुणे बिस्किटांचे डबे मांडीवर घेऊन ताटकळलेत, आणि तू म्हणतोस, ताई, तू लाव.

… दुकान. हो, तेतचं नवं वर्ष तोंडावर आलं की सगळ्या शहराला मोटारसायकल दुरुस्त करून हवी असते. माहीत आहे. आम्हाला काय सुट्टी आहे का? शेवंत्या अर्ध्या उमलल्यात, व्यापाऱ्याची होडी कधीही येऊन उभी राहील. तरी सगळं टाकून मी सकाळपासून कांदे चिरतेय ना?

… बरं, मग कॅमेरा तरी लाव. फोन बाबांच्या फोटोपुढे धरते, तिथूनच हात जोड. काकांनाही दिसशील, त्यांचं तोंड बंद होईल. … बिघडलाय? मागच्या वेळीही बिघडलेलाच होता. इंजिनं खोलून परत जोडतोस, आणि तुला फोनचा कॅमेरा दुरुस्त करता येत नाही?

खांग, खरं काय ते सांग. बायकोशी, थोआशी भांडलास? … नाही. … माझ्यावर रुसलायस? … मग काय रे?

… बसून यायला त्रास होतो. … कुठे त्रास होतो? … अरे कुठे म्हणजे… लाजतोस काय, लहानपणी तुझं ढुंगण मीच धुतलंय. तेव्हा नाही लाजलास. बोल.

… काय म्हणालास?

… पुन्हा म्हण.

… मूळव्याध.

… ऐकतेय. इथेच आहे मी. फोन ठेवू नकोस, जरा बाजूला जाते… आई, आलेच गं. खांगच आहे… हो, हो, निघालाय म्हणतो… तू बस. उठू नकोस, गुडघे धरतील परत.

हं. आले. फुलांच्या मांडणीपाशी उभी आहे, कालव्याच्या काठाला. इथे कोणी नाही. आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं द्यायची, चावटपणा नाही. रक्त पडतं?

… कधीपासून? … 'अधूनमधून' हे काही उत्तर झालं नाही. … पावसाळ्यापासून. … लालभडक, वरून टपकतं, की मिसळलेलं, काळपट? … बघत नाहीस म्हणजे? बघावं माणसाने. … हो, बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी मी तुझ्या परसाकडची चौकशी करतेय. मलाही हौस नाही. बोल.

… मिसळलेलं. … आणि कधी तीन-चार दिवस काहीच नाही, मग एकदम पातळ? … हं. … आणि शी होते ती नेहमीसारखी जाड, की बारीक? … पेन्सिलसारखी. … बाबा म्हणायचे, उदबत्तीच्या काडीसारखी. आणि आपण हसायचो, आठवतं?

… वजन कसं आहे? … पट्ट्याला नवं भोक पाडलंस. म्हणून कॅमेरा बिघडलाय होय. … जिना चढताना धाप लागते? … लागते.

… आणि यावर घेतोस काय? … तो पाला? मासळीचा वास मारतो तोच? … वाटून, गाळून, रोज. थोआ करून देते. … बरं.

खांग, ऐक. मध्ये बोलू नकोस… हो, हो… अरे ऐक ना. बाबांनी काय केलं? हाच पाला खाल्ला. बांधावर उगवतो, मूळव्याधीला चालतो, आजीपासून घरात चालत आलेलं, म्हणून गुरासारखा खात सुटले. तोंडाला सतत वास. आई म्हणायची, माझा नवरा वाळत घातलेला मासा झालाय. रक्त वाढलं की ते पाला वाढवायचे. चेहरा कागदासारखा पांढरा पडला, तरी मूळव्याधच. मूळव्याध कोणाला होत नाही? म्हणूनच तिच्या नावाखाली काहीही खपून जातं.

… हो, तुला सगळं माहीत आहे. तरी ऐक. त्यांना शेवटी नेलं ना, तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. डॉक्टर स्वच्छ म्हणाला, गाठ मोठ्या आतड्यात आहे, बाहेर गेल्याचं दिसत नाही, तेवढा तुकडा कापून टोकं जोडू, पुढे लागलं तर औषध देऊ. म्हणाला, या टप्प्यावर बरीच माणसं उठून घरी जातात. पण हे सांगितलं कोणाला? मला आणि काकांना. बाबा बाहेर बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. आजाऱ्याला रोगाचं नाव सांगायचं नाही, अर्धा जीव तिथेच जातो, ही आपली रीत. काका तिथल्या तिथे म्हणाले, सांगायचं, नुसती सूज आहे. झालं. मग सगळ्यांनी तेच घोकलं. मी, आई, तू. तू तर फोनवरून रोज. 'बाबा, सूज उतरली का?'

… नाही रे, दोष नाही देत. पण बाबा काय म्हणाले ते आठव. 'नुसती सूज, तर पोटाला सुरी कशाला?' चुकलं काय त्यांचं? सूज कोणी कापून काढतं का? खरं कारण द्यायला आपल्याला तोंडच नव्हतं. आणि मनातून सगळ्यांना वाटतच होतं की गाठीला सुरी लागली की ती चवताळते, अंगभर पसरते. मग हातसडीचा भात आणि तिळाचं मीठ. दुसरं काही म्हणून द्यायचं नाही, गाठीला उपाशी मारायचं. गाठ राहिली धष्टपुष्ट. माणूस उपाशी मेला.

… काका, आले… हो, त्याच्याशीच बोलतेय… वाटेत आहे, हो… तुम्ही घ्या ना तोवर अजून एक पेला…

हं. हे म्हातारे एकदा घरी गेले की मी सुटले. … तर ऐक. बाबा गेल्यावर मी परत त्या डॉक्टरकडे गेले होते. तो म्हणाला, बापाला झालंय, तर मुलांनी चाळिशीलाच दुर्बिणीने आतडं बघून घ्यायचं. काही होत असो नसो. मी केलं ना? आदल्या दिवशी ते पोट धुवायचं पाणी प्यायचं, संडासात मुक्काम ठोकायचा, एवढाच काय तो छळ. सुई देऊन झोपवतात, उठवतात, संपलं. माझ्या आतड्यात एक कोंब निघाला, मटाराएवढा. तिथल्या तिथे दुर्बिणीतूनच खुडून टाकला. संध्याकाळी घरी येऊन कुंड्यांना पाणी घातलं मी. डॉक्टर म्हणाला, हा असाच राहिला असता तर पुढेमागे त्याचंच ते झालं असतं. शेवंतीची नको ती कळी आपण खुडतो की नाही, तेवढंच काम. आणि तेव्हापासून तुझ्या कानीकपाळी ओरडतेय मी, जा, जा, तूही जा. तुझं आपलं 'हो ताई, बघतो ताई'…

… काय?

… केलीस? … दुर्बिणीची तपासणी केलीस तू? … कधी? … मेल्या, आणि आत्ता सांगतोस… तोंड जळो माझं, आजच्या दिवशी कसले शब्द येतात. … अरे पण मग इतका वेळ मला बोलू का दिलंस? … हसतोस काय. … चांगलं केलंस. फार चांगलं केलंस रे बाबा. थोआ होती बरोबर? … गुणाची आहे ती. मी म्हणतेच नेहमी. … मग? काय निघालं?

… काय निघालं म्हणालास?

… हो, ऐकू आलं.

… नुसती सूज.

… नाही, लाईन बरी आहे. … हे कोण म्हणालं, डॉक्टर? … तुला? तुझ्या तोंडावर? … थोआला. … तिला आत बोलावलं. आणि तू कुठे होतास? … बाहेर. … बसला होतास.

… हं. … मग ती आली बाहेर. … डोळे लाल. … औषधांच्या वासाने, म्हणाली. हो, असतो तिथे वास.

… अजून काय सांगितलं म्हणाली डॉक्टरने? … 'लहानसं ऑपरेशन करून टाकू, तेतच्या आत, पण तशी गरज नाही.' … गरज नाही हे डॉक्टर म्हणाला की थोआ? … लक्षात नाही. … आणि तिच्या आईने सांगितलं, सुरी नकोच. … हो, थोआच्या भावाचं माहीत आहे मला. उघडलं तेव्हा आत सगळीकडे पसरलेलं होतं, तसंच शिवून परत दिलं. त्याला सुरीने नाही मारलं, उशिराने मारलं. पण त्या माऊलीने पोराला आत जाताना बघितलं आणि मग त्याचं प्रेत बघितलं. ती सुरीलाच धरून बसणार.

खांग, एक विचारू? थोआ हल्ली भांडते का तुझ्याशी? … नाही. … बियर घेऊन आलास तरी? … ऑइलने माखलेल्या हातांनी गादीवर बसलास तरी काही बोलत नाही. … सासूबाई काळी कोंबडी घेऊन आल्या. तुझ्यासाठी. कधी नव्हे ते. … पोरं आवाज न करता खेळतात. … आणि जेवायला काय असतं?

… हातसडीचा भात.

… आहे. आहे मी. … काही नाही, कालव्यातून होडी गेली, तिच्या मोटारीचा आवाज. … हो, बोलतेय ना.

… कोण ते? … नाही मावशी, मीठ नको आता. चाखलंय मी. जा, आईला विचारा…

खांग. … तुला बसायला काही आहे का तिथे? … टायर. बरं, टायर तर टायर. बस. … बसलास? … हे बघ. मी आता जे बोलणार, त्यानंतर थोआ माझं तोंड बघणार नाही. काका तर मला घरातून घालवतील. पण मला परत ते नाही जमणार. एकदा केलं तेवढं बास झालं.

ती सूज नाही. … मध्ये बोलू नकोस. नुसत्या सुजेसाठी डॉक्टर माणसाच्या बायकोला एकटीला आत बोलावत नाहीत. तुला आतड्याचा कॅन्सर आहे रे. बाबांना होता तोच.

… खांग?

… काय?

… माहीत आहे?

… कधीपासून? … तिथेच. … ती दारातून बाहेर आली आणि 'नुसती सूज' म्हणाली, तेव्हाच. … हो. … हो रे, आपलाच शब्द तो. आपणच पाठ केलेला. दुसरा कोणी फसला असता त्याला, तू कसा फसणार.

… आणि तू काय म्हणालास तिला? … 'चला, सुटलो.' … आणि हसलास. … आणि दोघांनी रस्त्यावर उसाचा रस घेतला.

म्हणजे मी इथे घामाघूम होऊन शब्द शोधतेय, आणि तू… जाऊ दे. जाऊ दे ते. … म्हणजे मग बाबांनाही…? … नको. नको सांगूस. मला नाही ऐकायचं. आज तर नाहीच.

बरं, ऐक. ऐक ना. हे तर उलट बरंच झालं. तुला माहीत आहे, मग आता लपवायला राहिलं काय? डॉक्टर कापू म्हणाला, म्हणजे अजून कापण्याजोगं आहे. हाताबाहेर गेलं असतं तर सुरीचं नावही काढलं नसतं त्याने. बाबांना मिळाली नाही ती वेळ तुला मिळतेय, खांग. मी उद्या पहिल्या बसने येते. शेवंती गेली खड्ड्यात. आपण दोघं जाऊ, मी डॉक्टरसमोर बसते, तू माझ्या शेजारी बस, बाहेर नाही, आत. आणि विचारू सगळं…

… तेतनंतर.

… तेतनंतर कशाला? … वर्षाच्या तोंडाशी दवाखान्याची पायरी नको, वर्षभर तेच पाठीला लागतं. अरे, ते आपल्यासाठी. गाठीला पंचांग कळतं का? ती काय तेतची सुट्टी घेऊन गावाला जाणार आहे? तेत झाला की पौर्णिमा निघेल, पौर्णिमा झाली की कोणाचं लग्न निघेल…

… पोटाला पिशवी लावतील म्हणून? … सगळ्यांना नाही लावत. आणि लावली तर लावली. पुष्कळांची नंतर काढतातही. पिशवी लावलेला भाऊ चालेल मला. फोटोतला नको.

… ते नाही? मग खरं कारण काय आहे?

… थोआ.

… मग थोआला सांग ना सरळ, की मला माहीत आहे. … का नाही? … हं. … ऐकतेय. … तुला काही ठाऊक नाही, तू हसतोस, खातोस, तेवढ्यावर ती दिवस काढते. … तू 'माहीत आहे' म्हणालास की तिच्या हातातलं तेवढंही जाईल. … आणि ऑपरेशनला निघालास, तर भावासारखंच होणार असं धरून ती त्या दिवसापासूनच सुतक पाळेल. … हो. कळतंय मला. कळतंय म्हणून तर राग येतोय.

अरे, ती तुझ्यासाठी लपवते, तू तिच्यासाठी लपवतोस, आणि ती गाठ दोघांच्या मध्ये बसून निवांत वाढतेय. जपताय कोणाला तुम्ही? … आणि तुझी पोरं? उद्या त्यांचीही चाळिशी येईल. त्यांना काय सांगणार? आजोबा सुजेने गेले, बाप सुजेने गेला? त्यांनी कशाची तपासणी करायची मग, सुजेची?

… मी सांगू का? थोआचं नाव नको घेऊस. तू भ्यालायस. सुरीला भ्यालायस, आणि बायकोच्या पाठीमागे लपलायस. … हो, बोलले. … चीड तू. माझ्यावर चीड, शिव्या दे. पण जा.

… खांग? … रडतोयस? … अरे… नको रे. … मोठी बहीण आहे म्हणून जीभ चालते माझी. भीती वाटणारच. कोणाला नाही वाटणार? मी त्या साध्या दुर्बिणीला जातानासुद्धा आईच्या पाया पडून गेले होते, परत येते की नाही म्हणून. … हो. … हो रे राजा.

… काय? … नाही. शपथ नाही घेणार. … नाही म्हणजे नाही. बाबांच्या फोटोपुढे तर मुळीच नाही. आज त्यांच्यासमोर उदबत्ती धरून मी काय म्हणू, बाबा, याही खेपेला गप्प बसेन? … मी आत्ता थोआला फोन करणार आहे. तू ठेव, मी तिला लावते. … विनवण्या करू नकोस. … नको ना असा आवाज काढूस…

… काय? कोण आलं?

… हो. … हो, झालं ना, स्वयंपाक झाला सगळा. … मटण? छान मुरलंय. … कोण, थोआ आली का शेजारी? … बरं. … टाक स्पीकरवर.

… हॅलो, थोआ. … हो गं, मीच. … छे, रागावले कुठे? नाही जमलं यायला तर नाही जमलं. … हो, तेतच्या गर्दीत बसचे हालच असतात. … आई बरी आहे. गुडघे आहेत तसेच. … शेवंती यंदा चांगली आली, हो. तुम्हाला पाठवते ना, व्यापाऱ्याच्या होडीतून.

थोआ, ऐक. दोघंही तिथेच आहात ना? … दोघांनाही ऐकू येतंय? … मला जरा बोलायचंय. खांगच्या पोटाबद्दल.

… हो. … हो, सांगितलं त्याने मला. … नाही, तेच मी… बरं, तू बोल आधी. … रंग सुधारलाय. … काल स्वतःहून मागून जेवला. … हो का. … आणि थकवा उन्हाचा. … हो, साइगॉनचं ऊन वाईटच. … अगं, श्वास घे. किती भरभर बोलतेस.

… काय विचारलंस? … मला काय वाटतं?

… खांग, आहेस ना तू? … हसतोयस. … ऐकू येतंय मला.

… थोआ, हे बघ… मला असं वाटतं की…

… हो गं. … हो, बाई. सूजच ती. … उतरते. वेळ लागतो, पण उतरते. … नाही, मी कुठे काळजी करतेय? मी आपलं सहज विचारलं. … दे ना, भात दे. तोच दे. … हो, काळी कोंबडी चांगलीच. … जा तू, चुलीवर काही असेल तर बघ. … हो, तेतला बोलू. पोरांना जवळ घे माझ्या वाटचं.

… गेली?

… स्पीकर बंद केलास ना?

… हो काका, आले, आले… नाही, तो नाही येऊ शकत. मीच लावते उदबत्ती… बरा आहे. बरा आहे तो, काही झालेलं नाही…

… हॅलो. … हं. काका ओरडतायत, जायला हवं मला. … काय म्हणालास? … बरं केलंस?

… नको. … नको रे खांग. तेवढं नको म्हणूस. … मघाशी म्हटलं तशी शिवी दे हवं तर. बरं केलंस म्हणू नकोस मला. … ठेव आता. … तू ठेव आधी. माझ्याने नाही ठेववत. … ठेव रे.